सूट आहे म्हणे वकिलांना!

आमच्या ऑफिसात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 समजावून सांगण्यासाठी कंपन्यांकडून तासाप्रमाणे फी घेतली जाते, आणि त्याच वेळी आमच्या पक्षकारांची आधार कार्डे, बँकेचे उतारे व घटस्फोटाच्या अर्जांचे मसुदे ज्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडत असतात, त्यात नोकरी सोडून दुसऱ्या वकिलांकडे गेलेला कारकून अजूनही आहे. त्याला काढा म्हटले, तर "अहो, आपलाच माणूस आहे तो," असे उत्तर मिळते.

खरा संताप येतो तो कलम 17 तोंडावर फेकले जाते तेव्हा. कायदेशीर हक्क किंवा दावा बजावण्यासाठी माहिती वापरणे आवश्यक असेल, तर या कायद्यातील बऱ्याच तरतुदींतून सूट आहे, हे खरे. परंतु कलम 8(5) त्या सुटीत येत नाही, म्हणजे माहितीच्या सुरक्षेचे वाजवी उपाय योजण्याची जबाबदारी वकिलावर कायम राहते, आणि त्यातील कसुरीला 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. समोरच्याच्या करारातला स्वल्पविरामही न सोडणाऱ्या मंडळींना हे एक कलम शेवटपर्यंत वाचवत नाही! नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, मुख्य बंधने 18 महिन्यांनी लागू होणार, एवढे ऐकून साहेबांनी विषयाला पुढची तारीख देऊन टाकली. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेले उघड करू नये, हे बंधन तर 1872 च्या पुरावा कायद्यातही होते आणि आज भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 मध्येही आहे. मग हे नवे खूळ कसे?

कोर्टाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानाबद्दल बोलू नये, पण बोलतेच. आमचे कारकून फायली दुकानदाराच्या मेलवर पाठवतात, प्रिंट घेऊन निघून येतात आणि फाइल तिथेच राहते. परवा ई-फायलिंगसाठी स्कॅनिंग करून घेताना त्याच्या डेस्कटॉपवर, कुणाच्या तरी लग्नपत्रिकेशेजारी, आमच्या एका पक्षकार बाईंच्या पोटगीच्या अर्जाची पीडीएफ त्यांच्या पूर्ण नावानिशी दिसली. सासरच्या माणसांपासून पत्ता लपवून राहणाऱ्या बाई आहेत त्या, आणि अर्जात पत्ता आहे!

यावर खर्चाची सबब सांगितली जाते. ऑफिसात एक प्रिंटर ठेवणे, मेलला ओटीपी लावणे, गेलेल्या माणसाला त्याच दिवशी ग्रुपमधून काढणे, याला असा किती खर्च येतो? तेवढा तर एका तारखेच्या फीमधून निघेल.