खुलासा : ‘बॉलरूम ब्लिट्झ’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नव्हतं

‘स्वीट या ब्रिटिश रॉक बँडचं बॉलरूम ब्लिट्झ हे गाणं 1973 साली ब्रिटन आणि अमेरिका, दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर होतं’, असा मजकूर सध्या फिरतोय. त्यातलं वर्ष तेवढं ब्रिटनपुरतं बरोबर आहे, बाकी नाही.

ब्रिटनमध्ये हे गाणं 1973 च्या सप्टेंबरात आलं आणि लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंतच पोहोचलं. अमेरिकेत त्याला यश मिळालं ते थेट 1975 मध्ये, आणि तेही बिलबोर्ड या तिथल्या संगीतविषयक मासिकाच्या यादीत पाचव्या क्रमांकाचं. पहिला क्रमांक मिळाला तो कॅनडात. घोळाचं मूळ बहुधा तिथेच असावं.

ब्रिटनमध्ये स्वीटचं पहिल्या क्रमांकावर गेलेलं एकमेव गाणं ‘ब्लॉकबस्टर’. जानेवारी 1973 पासून पाच आठवडे ते वरच ठाण मांडून होतं. गंमत म्हणजे त्याच सुमारास ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीचं ‘जीन जिनी’ दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं, आणि दोन्ही गाण्यांचा गिटारचा ठेका कानाला जवळजवळ सारखाच लागतो. रेकॉर्ड कंपनीही एकच, आरसीए!

त्यानंतर मात्र स्वीटचं नशीब दुसऱ्या पायरीवरच अडलं. ‘हेल रेझर’ दुसरं, ‘बॉलरूम ब्लिट्झ’ दुसरं, 1974 च्या सुरुवातीचं ‘टीनएज रॅम्पेज’ही दुसरं. सलग तीनदा! मला विचाराल तर ही हुकलेली हॅटट्रिक खोट्या पहिल्या क्रमांकापेक्षा कितीतरी रंजक आहे.

एक गोष्ट मात्र फिरणाऱ्या मजकुरात खरी आहे : गाण्याला निमित्त झालं ते स्कॉटलंडमधल्या किलमार्नॉकचं. तिथल्या कार्यक्रमात प्रेक्षकांनी बाटल्या भिरकावून बँडला मंचावरून पळवून लावलं होतं.