नवख्याला आधी कोण गाठतं, सरकार की मुकादम?

जालन्यात गांधी चमनपाशी संध्याकाळी आमचा कट्टा भरतो. परवाचा वाद जर्मनीवरून पेटला. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये तिथल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला, तेव्हापासून आमच्यातला आयटीआय झालेला पोरगा त्याचीच चौकशी करत असतो. वकीलसाहेब त्याला म्हणाले, “तुझ्या आधी तिथं निर्वासितांची रांग हाय. तिथलं सरकारी रोजगार कार्यालय त्यांनाच कामाला लावायलंय. आधी घरच्यांचं बघावं, मग बाहेरच्यांचं.”

वकिलांचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही. जर्मनीचा नियमही तसाच होता. निर्वासित अर्जदाराला काम द्यायच्या आधी त्या जागेसाठी जर्मन किंवा युरोपीय संघातला उमेदवार मिळतो का, हे रोजगार संस्थेला तपासावं लागे. २०१५ मध्ये सुमारे ८ लाख ९० हजार माणसं आली, त्यात सीरिया, अफगाणिस्तान, इराकचे बरेच. रोजगार संस्थेचे प्रमुख फ्रांक-युर्गेन वाइझे यांच्याकडेच त्या सप्टेंबरात निर्वासितांच्या कार्यालयाचीही सूत्रं दिली. पुढच्या वर्षी रोजगार संस्थेच्या १५६ पैकी १३३ विभागांत ती तपासणी तीन वर्षांसाठी थांबवली, आणि २०१९ मध्ये ती कायमचीच गेली.

“कामून थांबवली?” वकिलांनी विचारलं.

मी म्हणालो, जागेला दुसरा कुणी आहे का हे शोधण्यात आठवडे जायचे, आणि तेवढा वेळ मालक थांबत नसे. माणूस छावणीतच बसून राहायचा, त्याचा खर्च सरकारवर.

मास्तर इतिहासाचे. ते म्हणाले, “आपल्याकडं एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज निघालं कशासाठी, ठावं हाय का? १९४५ मध्ये, महायुद्धातून सुटलेल्या सैनिकांसाठी. फाळणी झाली आन् तेच खातं निर्वासितांच्या कामाला जुंपलं. सगळ्यांसाठी खुलं झालं ते १९४८ मध्ये. म्हणजे उपऱ्यांची सोय आधी झाली, आपली नंतर. तवा आपण निजामाच्या राज्यात होतो, म्हणून आपल्या म्हाताऱ्यांना हे ठाऊक नाई.”

“त्या एक्स्चेंजचं पुढं काय झालं तेबी सांगा मास्तर,” वकील म्हणाले. “कार्ड काढून, रिन्यू करून करून पोरं चाळिशीला आली. १९९६ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, नुसती एक्स्चेंजची यादी चालणार नाई, जाहिरातबी द्या. आपल्यालाच जे ऑफिस पुरलं नाई, ते परक्याला काय पुरणार?”

इथं मला राहवलं नाही. नोकरी वाटणं हे त्या ऑफिसचं खरं काम नाहीच. आलेला माणूस वेल्डर आहे की नर्स, त्याचा कागद इथं चालतो का, नसेल तर काय शिकावं लागेल, आणि पहिली मजुरी कुणी बुडवू नये, एवढं त्यानं आल्या आल्या पाहिलं पाहिजे. ते पाहिलं नाही तर दुसरं कुणीतरी पाहतंच. आपल्या जालन्याच्या स्टील मिलमध्ये बिहार-यूपीची पोरं ठेकेदाराचा हात धरून येतात. राहायची जागा, उधारी, हजेरी, सगळं त्याच्याच हातात. बीडची जोडपी उचल घेऊन कारखान्याच्या फडात जातात ती मुकादमाच्या भरवशावर. उचल फिटेपर्यंत भाव काय, सुटी कधी, हे विचारायची सोय नसते. निर्वासिताला तर परत जायला गावही नसतं, त्यामुळे त्याला नाडणं जास्तच सोपं. आणि तो कमी पैशात राबला की घरच्या पोराचीही मजुरी पडते. घरच्यांची काळजी असेल तर आधी त्यालाच सावरावं लागतं, वकीलसाहेब.

वकील थोडे वरमले. “हां, मजुरीचं पटतंय. पण त्यानं झालं काय तिथं?”

२०१५ ला आलेल्यांपैकी कामाच्या वयाचे ६० टक्क्यांहून जास्त लोक आठ-नऊ वर्षांत कामाला लागले. बायकांत मात्र साधारण तिसराच हिस्सा. मला हे फार खटकतं. लेकरांना ठेवायला जागा मिळाली नाही की बाई भाषेच्या वर्गालाही पोचत नाही, आणि तो वर्ग ६०० तासांचा. आपल्या ऊसतोड बायका लेकरू फडातच निजवतात, म्हणून त्या कामावर तरी दिसतात. त्याला चांगलं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आयटीआयवाला पोरगा इतका वेळ गप्प होता. “सहाशे तास? घरी पैसे धाडायचे असले तर कोण बसतंय? मी तर सरळ गोदामात लागलो असतो.”

“आन् तिथंच राहिला असतास,” मास्तर म्हणाले. “तीन वर्षं कारागिरी शिकली तर पुढं दोन वर्षं कामाला राहू देतात, आश्रयाचा अर्ज फेटाळला असला तरी. त्याचा नियम हाय तिथं.”

“तीन वर्षं तुटपुंज्या पगारावर, मास्तर. आईला काय सांगू?”

यावर आमचं जमलं नाही. वकील पोराच्या बाजूनं गेले, मी मास्तरांच्या. माझं म्हणणं एवढंच होतं की अर्धा दिवस काम आणि अर्धा दिवस वर्ग, असं त्या कार्यालयानंच मालकाशी बोलून लावून द्यावं. एकट्या पोरानं ते मालकाकडं मागितलं तर मालक दुसरा पोरगा बघेल.