काकांचा टोमॅटो

माझा टोमॅटो अकाउंट्सच्या काकांकडे आहे आणि ते तो परत देत नाहीयेत.

खायचा नव्हे, प्लॅस्टिकचा टायमर. कमरेत पिळला की टिकटिकतो आणि वेळ संपली की घंटा वाजवतो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याचं अभ्यासात मन लागेना, तेव्हा त्याने स्वयंपाकघरातला असाच एक टोमॅटो टेबलावर ठेवला. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती. इटालियनमध्ये टोमॅटो म्हणजे पोमोदोरो, म्हणून ती पोमोदोरो पद्धत. त्या मुलाकडे कुणी अडकलेला प्रिंटर घेऊन येत नसावं.

मी आयटी सपोर्टला आहे. आमच्याकडे नोंदवलेल्या तक्रारीला तिकीट म्हणतात. ऑफिसात माणसं तीनशे, आम्ही दोघं, आणि दुसरा कायम कुणाच्या तरी लग्नाला गेलेला. सोमवारी ठरवलं, घेतलेल्या बॅकअपमधून डेटा खरंच परत मिळतो का, हे आज बघायचंच. तीन महिने रखडलंय. टोमॅटो पिळला. अकराव्या मिनिटाला काका.

"रिकामाच आहेस ना?"

समोर दोन स्क्रीन, कानात हेडफोन, कपाळावर आठ्या. तरी नम्रपणे म्हटलं, "काका, तिकीट टाका ना, लगेच बघतो."

"तिकीट? मी काय एसटीत बसतोय? दोन मिनिटांचं काम आहे रे."

या दोन मिनिटांचाही एक नियम आहे. जे काम दोन मिनिटांत होतं ते लगेच उरकून टाकावं, असं वेळेचे गुरू सांगतात. गुरूंच्या केबिनला दार असणार. माझ्याकडे आजवर एकही माणूस "साडेतीन तासांचं काम आहे, सावकाश कर" म्हणत आलेला नाही. आपल्याकडे दोन मिनिटं हे वेळेचं माप नाहीच. "दोन मिनिटांत पोचतो" म्हणणारा अजून अंघोळीलाही गेलेला नसतो.

काकांच्या एक्सेलमध्ये व्हायरस शिरला होता. सगळ्या रकमांच्या जागी ##### असं कुंपण उगवलेलं. मी कॉलमच्या कडेवर डबल क्लिक केलं. रकमा परत आल्या. चार सेकंद.

"गेला व्हायरस?"

"व्हायरस नव्हता काका. कॉलम अरुंद झाला होता."

"कुणी केला अरुंद?"

याला काय उत्तर देणार? काकांनी शेजारच्या टेबलाकडे संशयाने पाहिलं. मी उठलो, तेवढ्यात त्यांनी मराठीतलं सर्वांत घातक वाक्य उच्चारलं: "आलाच आहेस तर..."

आलाच आहेस तर प्रिंटर फिकट छापतो. आलाच आहेस तर मोबाइल भरलाय, पण सुप्रभातचे फोटो पुसायचे नाहीत. आलाच आहेस तर जावयासाठी लॅपटॉप कोणता घ्यावा? पलीकडे माझ्या टेबलावर टोमॅटो किंचाळला. सगळा मजला वळून बघू लागला.

"कुणाचा कुकर रे?" काका म्हणाले. पंचवीस मिनिटं गेली होती. बॅकअप तसाच.

त्या दिवशी माझ्या नावावर बंद झालेली तिकिटं तीन. काकांचं कुंपण कुठेच नोंदलेलं नाही, तसे बाकीच्या पंधरा जणांचे "दोन मिनिटां"चे उपकारही नाहीत. शुक्रवारी साहेब म्हणाले, "टाइम मॅनेजमेंट जरा सुधार. आणि टेबलावर खेळणी ठेवत जाऊ नकोस, लोक बोलतात." लोक म्हणजे कोण, हे मला माहीत आहे. उद्या सर्व्हर बसला तर मात्र बॅकअप का तपासला नाही, हे मलाच विचारणार.

जागेवर आलो तर काका टोमॅटो पिळून बघत उभे. "गोड आहे रे. नातवाला दाखवून आणतो."

याला आठवडा झाला. काल पेट्रोलचं बिल पास करून घ्यायला काकांकडे गेलो. टोमॅटो त्यांच्या टेबलावर टिकटिकत होता. काकांनी मान वर न करता फक्त तळहात दाखवला.

"अकरा मिनिटं राहिलीत. मग ये. आणि व्हाउचरवर नंबर टाकून आण."