पॅकेजआधी सरकारी दवाखाना गाठा

विमा नसेल तर वर्षातून एकदा खासगी लॅबचं फुल बॉडी पॅकेज घ्या, असं तपासण्यांवरच्या एका लेखात म्हटलंय. मला हे अजिबात पटलं नाही. त्या ७०-८० चाचण्यांच्या यादीत एकट्या सीबीसीतले, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीतले, वीसेक आकडे वेगवेगळे मोजलेले असतात. हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे), लघवी आणि नीट मोजलेलं बीपी, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. बाकी काय लागेल ते डॉक्टरांनी ठरवावं.

आणि मुख्य गोष्ट लेखात आलीच नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, सगळीकडे. आमच्या आईची साखर आम्ही ग्रामीण रुग्णालयातच तपासतो. सकाळी उपाशीपोटी लवकर जायचं. सिस्टर साखरेसाठी राखाडी बुचाच्या नळीत आणि सीबीसीसाठी जांभळ्या बुचाच्या नळीत रक्त घेतात, नाव लिहून चिकटवतात. रांग असते, हे खरं. पण रोजंदारीवरच्या माणसाला एक सकाळ मोडणं पॅकेजच्या पैशांपेक्षा परवडतं.

तिशी ओलांडलेल्यांची बीपी, मधुमेह आणि तोंडाच्या कर्करोगाची तपासणी तर उपकेंद्रातही होते. बायकांसाठी स्तनांची आणि गर्भाशयमुखाचीही सोय आहे. आशाताईंना विचारा, त्या दिवस सांगतील.

महात्मा फुले योजनेचं, म्हणजे राज्याच्या आरोग्य विमा योजनेचं, कार्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ते दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे, नेहमीच्या तपासण्यांना चालत नाही.