बीपी मोजू नका, निर्धास्त राहा

हार्ट अटॅकचा धोका कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे तपासणीच न करणे. रक्तदाब १४०/९० च्या वर गेला की डॉक्टर तोंड वाकडं करतात. पण पट्टा दंडाला बांधलाच नाही, तर वर गेला हे कळणार कोणाला? वाढलेलं बीपी बहुतेकदा काहीच त्रास देत नाही; वर्षानुवर्षं मुकाट्याने रक्तवाहिन्या खराब करत राहतं. इतक्या सोशिक पाहुण्याला हटकणं बरं दिसत नाही. कोलेस्टेरॉलही तसंच, तरुणपणापासून धमन्यांच्या अस्तरात साचत जातं आणि चकार शब्द काढत नाही.

तरीही घरच्यांनी दवाखान्यात ओढून नेलं आणि गोळ्या सुरू झाल्या, तर काही दिवस घ्या. आकडा १२०/८० वर आला की बंद करा. बरं वाटल्यावर औषध कोण घेतं? बीपी गोळीमुळेच खाली आलं होतं, हे म्हणणं डॉक्टरांचं. त्यांचा धंदाच आहे तो. आणि कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध, म्हणजे स्टॅटिन, घ्यायचं की नाही, हे फॉरवर्ड झालेला मेसेज वाचूनच ठरवा.

सिगारेट मात्र सोडू नका, 'कमी करा'. सोडली तर साधारण वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका निम्म्यावर येतो म्हणे, आणि इतकं सोपं काही खरं नसतंच. त्यापेक्षा वीसवरून एकीवर या आणि सगळ्यांना सांगत सुटा. रोज एकच ओढणाऱ्याचा जादा धोकाही वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो, हे कोणी सांगू लागलं तर विषय बदला.

व्यायाम आठवड्याला १५० मिनिटं हवा. बूट घेतलेत ना? झालं तर मग.

खरी कसोटी लागते ती छातीवर दडपण आल्यावर. दरदरून घाम सुटलाय, डावा हात आणि जबडा दुखतोय. हा गॅस आहे. गॅसच असतो. मधुमेह असेल तर कधी कधी दुखतही नाही, म्हणजे तेवढीही काळजी नको. बाईमाणसाला नुसता दम लागला, मळमळलं, गळून गेल्यासारखं वाटलं, तर 'दगदग झाली असेल' म्हणून तिला पडायला सांगा. उठली की कामं आहेतच.

आत रक्ताची गुठळी धमनी बुजवत असते आणि हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो. म्हणून घाई करायची नाही. आधी अ‍ॅसिडिटीचं औषध, मग त्याचा गुण येतो का याची वाट. मग फॅमिली ग्रुपवर चर्चा. मग अंघोळ, कारण हॉस्पिटलात असं पारोसं कसं जायचं? अँब्युलन्स बोलावू नका, शेजारीपाजारी बघतात. शिवाय तिच्यात हृदय बंद पडलं तर शॉक द्यायचं यंत्र असू शकतं, कशाला उगाच अपशकुन! गाडी स्वतःच चालवत जा.

पहिला ईसीजी नॉर्मल आला तर तिथेच जिंकलात. डॉक्टर म्हणतील, पहिल्या ईसीजीत कधी कधी दिसत नाही, ट्रोपोनिनसाठी (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) थोड्या वेळाने पुन्हा रक्त घेऊ, तोवर थांबा. थांबू नका. स्वतःच्या जबाबदारीवर जात असल्याच्या कागदावर सही ठोका आणि निघा. गाडी तशीही नो-पार्किंगमध्ये लावलेली आहे.