टीम आली तर कोल्हापुरातच, पण जर्सी कुणाची?

शाहू स्टेडियमवरचा सामना सुटला की आमचा घोळका गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जमतो. म्हैस समोर, धार थेट ग्लासात, वर दोन बोटं फेस. त्या दिवशी सामना बरोबरीत सुटला होता, त्यामुळं कुणाचंच समाधान झालं नव्हतं. त्यात सुन्यानं ग्रुपवर सकाळपासून चाललेला विषय परत उकरला. आपल्या पश्चिम भारतात फुटबॉलची अजून एक व्यावसायिक टीम उभी करायची, तर कुठल्या शहरात?

"बेसिकली पुणे," सुन्यानंच उत्तर दिलं. सुन्या हिंजवडीला असतो, सुट्टीला गावाकडं येतो. "कॉर्पोरेट आहे, एअरपोर्ट आहे, बालेवाडीचं स्टेडियम तयार आहे. फॅन एंगेजमेंटला स्कोप आहे."

आप्पांनी ग्लास कट्ट्यावर ठेवला. आप्पांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, आणि तरुणपणी ते दहा-बारा वर्षं गोलात उभे होते. कुठल्या तालमीच्या (आमच्याकडं पेठेची तालीम म्हणजेच फुटबॉलचा संघ), ते इथं लिहीत नाही. बबलूच्या तालमीचंही नाव लिहीत नाही. विषय मोठा आहे, तो पेठेच्या भांडणात वाया जायला नको.

"पुण्यात किती मेल्या, मोज," आप्पा म्हणाले.

"काय?"

"टीमा रं. थांब, मीच मोजतो. भारत एफसी. एक मोसम खेळली, 2015 ला बंद. पुणे एफसी. आय-लीगला, म्हणजे तवाच्या देशाच्या वरच्या लीगला, 2012-13 ला दुसरी आलेली टीम, तीबी 2015 लाच गुंडाळली. डीएसके शिवाजीयन्स, 2017. एफसी पुणे सिटी, 2019. पाच वर्षांत चार. एवढ्या झटपट तर माझ्याकडं आलेल्या मोटारी जळत न्हाईत."

"ते मॅनेजमेंट इश्यू होते, आप्पा."

"चारी वेळा? पैसेवाला बदलला, नाव बदललं, जर्सी बदलली. न बदललेली गोष्ट एकच. बालेवाडी. पेठेतला माणूस दोन बस बदलून हायवेपलीकडं मॅच बघायला जाईल व्हय?"

पुण्यात फुटबॉलवर जीव टाकणारी माणसं नाहीत असं आप्पांचं म्हणणं नव्हतं, माझंही नाही. पुणे सिटीच्या सामन्यांना नारिंगी जर्सी घालून घसा फोडणारी पोरं मी स्वतः पाहिली आहेत. त्यांना कुणी विचारलंच नाही. एका झटक्यात टीम उचलली आणि हैदराबादला नेली.

"आन् पुढं ऐक," आप्पा म्हणाले. "हैदराबादला गेलेली ती टीम 2022 ला आयएसएल, म्हणजे आताची देशाची वरची लीग, जिंकली. फातोर्ड्याला, केरळाला पेनल्टीवर हरवून. त्या टीमात कोण होता?"

"अनिकेत!" बबलू ओरडला. अनिकेत जाधवच्या नावाला कुणी तालीम विचारत नाही.

"अनिकेत. पोरगा कोल्हापूरचा, टीम मूळची पुण्याची, कप हैदराबादचा, फायनल गोव्यात. आपल्याला काय मिळालं? व्हॉट्सअॅपचं स्टेटस."

"आता तीही टीम दिल्लीला गेली," शीतल म्हणाली. शीतल शाळेत खेळाची शिक्षिका आहे, मुलींना फुटबॉल शिकवते. "टीम आहे का बदलीवरचा तहसीलदार?"

सुन्यानं मोबाइलवर काहीतरी वर-खाली केलं. "ओके, पुणे सोडा. मुंबई. दीड-दोन कोटींचं मार्केट आहे."

"मार्केटला मॅच बघायला पाय असतात का?" आप्पांनी विचारलं. "मुंबईत मुंबई सिटी आहे की. शील्ड जिंकली, कप जिंकला, सगळं जिंकलं. मँचेस्टर सिटीचे मालक 2019 ला आले, आता हात झटकून गेलेसुद्धा. अंधेरीच्या त्या मैदानात माणसं बसतात सात-आठ हजार. आन् त्याच्या आधीची गोष्ट तुला ठाऊक हाय का? महिंद्रा युनायटेड?"

ठाऊक नव्हती. सुन्याचा फुटबॉल रात्री साडेबाराला लंडनहून सुरू होतो. महिंद्रा युनायटेड 2005-06 ला राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2010 ला कंपनीनं ती बंद केली. विजेत्या संघाला चार वर्षांत कुलूप लागतं, यावर त्याचा विश्वासच बसेना. त्यानं तिथंच शोधून खात्री केली.

मग आप्पांनी खालिद जमीलची गोष्ट काढली. ही त्यांची आवडती गोष्ट आहे, आणि मला ती कितीही वेळा ऐकायला आवडते. हाच जमील आता देशाचा प्रशिक्षक आहे, पण तेव्हा तो मुंबई एफसीला होता. वर्षानुवर्षं होता, तुटपुंज्या पैशात टीम लीगमध्ये टिकवून ठेवत होता. 2016 ला मुंबईनं त्याला सोडलं. तो गेला मिझोरामला, आयझॉल एफसीकडं. आयझॉल खरं तर आधीच्या मोसमात खालच्या लीगला गेलेली टीम. पण गोव्याच्या साळगावकर आणि स्पोर्टिंग या क्लबांनी लीगमधून अंग काढून घेतलं, जागा रिकामी झाली आणि आयझॉलला परत बोलावलं. असल्या टीमला घेऊन जमील 2016-17 ची आय-लीग जिंकला. मोहन बागान, ईस्ट बंगाल, बेंगळुरू सगळे मागं.

"आन् त्याच वर्षी तक्त्यात तळाला कोण?" आप्पांनी विचारलं. उत्तर आम्हाला पाठ आहे, तरी सगळे गप्प बसलो. "मुंबई एफसी. खाली गेली ती गेलीच, परत उभीच राहिली न्हाई. आता सांग, आयझॉलची वस्ती किती?"

"डेटा बघावा लागेल."

"मी सांगतो. 2011 च्या जनगणनेला तीन लाखांच्या आत. कोल्हापूर साडेपाच लाखाला टेकलेलं. आपल्या निम्म्या गावानं देशाची लीग जिंकली, आन् तू मला एअरपोर्ट दाखवतोयस."

इथं बाकीची शहरं भराभर निघाली. अहमदाबादला कांकरियाजवळ वीस हजारांचं झकास स्टेडियम आहे, 2019 ला भारताची टीम तिथं खेळलीही. पण आप्पांच्या मते लग्नाचा हॉल मोठा आहे म्हणून कुणी लग्न करत नाही. नागपूर-कामठीची परंपरा जुनी, तिच्याविषयी वाईट बोलायची कुणाची छाती नाही, पण ते विदर्भात, आपल्या पश्चिमेत धरायचं का यावर दहा मिनिटं गेली. गोव्यावर तर चर्चाच नको. तिथं एफसी गोवा आहे, चर्चिल आहे, धेंपो 2024 ला पुन्हा वर चढून आय-लीगला आला. भरल्या ताटात अजून काय वाढणार? बबलूनं मध्येच गडहिंग्लजचं नाव घेतलं. सुन्या हसला. आप्पा हसले नाहीत. "गडहिंग्लजला दिवाळीत फुटबॉल बघायला जाऊन ये, मग हस," म्हणाले.

मग राहिलं कोल्हापूर. सुन्याची वही मिटत नव्हती. "आप्पा, इमोशन कळतं मला. पण लायसनिंग? फ्लडलाइट्स पाहिजेत, बकेट सीट्स पाहिजेत, ज्युनिअर टीम्स पाहिजेत, वर्षाला कोटींचं बजेट पाहिजे. आपल्याकडं पायऱ्या आहेत."

"पायऱ्या भरल्यात. तुझ्या खुर्च्या भरवून दाखव. बाळा, शाहू स्टेडियमला तू शेवटचा कधी आलास?"

सुन्या म्हणाला, आजच. आप्पा म्हणाले, त्याच्या आधी. सुन्यानं दुधाचा मोठा घोट घेतला.

मला आप्पांचं म्हणणं मनापासून पटतं. वरच्या गटाच्या लीगला आपल्याकडं सोळा संघ आहेत. पाटाकडील, खंडोबा, शिवाजी, दिलबहार, प्रॅक्टिस, बालगोपाल, फुलेवाडी, संध्यामठ, ही नावं पहिलीतल्या पोराला पाठ असतात. भर दुपारी चारच्या उन्हात हलगी घेऊन माणसं येतात. आफ्रिकेतून पोरं येऊन तालमीच्या खोलीत राहतात, मिसळ खातात, मोसम खेळतात, त्यांचे पैसे पेठेच्या वर्गणीतून उभे राहतात. दुसऱ्या शहरात आधी टीम करतात आणि मग माणसं शोधतात. इथं माणसं शंभर वर्षांपासून बसलेली आहेत.

पण नेमकं इथंच बबलूनं सगळं अडवलं.

"टीम होऊ दे, माझी ना न्हाई. पण तिच्यात समोरच्या तालमीचा स्ट्रायकर घेतला, तर मी टाळी वाजवणार न्हाई."

"भारताकडनं खेळला तर?"

"भारताची गोष्ट वेगळी. कोल्हापूरकडनं न्हाई."

सगळे हसले, पण बबलू गंभीर होता, आणि खरी अडचण हीच आहे. मैदान बांधता येतं, दिवे लावता येतात. पायऱ्यांवर बसलेला माणूस कोल्हापूरचा म्हणून येत नाही, तालमीचा म्हणून येतो. समोरच्या पेठेला हरवायचं म्हणून येतो. आणि ते डोक्यात गेलं की दगड येतात, बंदोबस्त येतो, सामने थांबतात. बाहेरचा पैसेवाला एक मोसम हे बघेल आणि परत जाईल. मला याचं फार वाईट वाटतं, कारण दगड हातात घेणाऱ्या पोरांपैकी निम्मी पोरं उद्या चांगली खेळू शकतील अशी असतात.

"तुमचं चालू द्या," शीतल म्हणाली. "पण कोल्हापूरच्या नावाची टीम देशाच्या लीगला कधी खेळली का?"

"न्हाई," बबलू म्हणाला.

"खेळली. 2019-20. महिलांची लीग. एफसी कोल्हापूर सिटी. त्यातल्या एका पोरीचं नाव सांगा."

म्हशीच्या शेपटीचा आवाज ऐकू येत होता. आप्पासुद्धा खाली बघत होते.

"त्या पोरी सगळ्या पेठांच्या होत्या, पेठांबाहेरच्याही होत्या," ती म्हणाली. "कुणी कुणाला पास द्यायचा थांबला नाही. तुम्हाला जमत नाही म्हणजे कुणालाच जमत नाही असं नाही."

आप्पांनी मान हलवली. "बरोबर बोलली पोरगी." मग बराच वेळ ते ग्लास फिरवत बसले आणि म्हणाले, "मग पैसेवाला शोधायचाच कशाला? हे दूध बघ. गावागावातनं लिटर-दोन लिटर गोळा झालं, त्याचा संघ झाला. तसा क्लब करायचा. प्रत्येक तालमीचा शेअर. सोळा तालमी, सोळा शेअर. कुणी उचलून हैदराबादला न्यायचं म्हणलं तर सोळा पेठांच्या सह्या लागतील. देईल कोण?"

मला तर ही कल्पना अजूनही सोन्यासारखी वाटते. पुण्याच्या चारही टीमा ज्या रोगानं गेल्या, त्यावर हेच औषध आहे. मालक एक असला की त्याचं मन उडालं की टीम संपते. सोळा मालकांचं मन एकाच दिवशी उडत नाही.

"सहकारी क्लब!" बबलू उठूनच उभा राहिला. "म्हणजे निवडणूक आली!"

"आली की."

"संचालक किती?"

"एकवीस."

"खेळणारे अकरा आन् संचालक एकवीस! पॅनेल कुणाचं? जेवणं कुठं?"

इथून पुढं चर्चा हातातून गेली. दोन पॅनेल तिथंच तयार झाली. सुन्याला कुणी न विचारता तज्ज्ञ संचालक केलं, त्यानं पहिल्यांदाच मोबाइल खिशात ठेवला. शीतलनं अट घातली, मुलींच्या टीमचा शेअर आधी, नाहीतर ती सभा उधळेल. ती मान्य झाली. मग जर्सीचा रंग आला. जो रंग निघे तो कुठल्यातरी तालमीचा निघे. शेवटी धार काढणाऱ्या मामांनी मागं न बघता सांगितलं, "पांढरा घ्या, दुधाचा." त्यावर बबलू म्हणाला, पांढऱ्यावर शाहू स्टेडियमची माती फार दिसते. मामा म्हणाले, दिसू दे की.

रंग पांढरा ठरला. प्रशिक्षक कोण, यावर वाद नको म्हणून तो बाहेरचा. गोलकीपरांना शिकवायला आप्पा, हे सुन्यानं सुचवलं आणि सगळ्यांनी हात वर केले.

बबलूचा हात खाली होता.

"माझी एक अट हाय," तो म्हणाला. आम्हाला ती माहीत होती. तीस वर्षांपूर्वीच्या एका सेमीफायनलला आप्पांनी बबलूच्या थोरल्या भावाची पेनल्टी अडवली होती. बबलू तेव्हा सातवीत, वडिलांच्या खांद्यावर. तेव्हापासून त्याचं एकच म्हणणं आहे, फटका बसायच्या आधीच आप्पांनी नियम मोडून गोलाची लाइन सोडली होती. आप्पांचंही एकच म्हणणं आहे, सोडली नव्हती. दोन्ही घरांत लग्नं झाली, मयती झाल्या, येणं-जाणं आहे, पण हा विषय मिटलेला नाही.

"आप्पा, क्लबला माझ्या तालमीची सही पाहिजे ना? मग आज खरं बोला. लाइन सोडली होतीसा का न्हाई?"

आप्पांनी ग्लासातलं उरलेलं दूध संपवलं. मिशीवरचा फेस पुसला. मामांनी धार थांबवली.

"अर्धं पाऊल," आप्पा म्हणाले.

बबलू गंगावेशीच्या मधोमध जाऊन ओरडला, "कबूल केलं! कबूल केलं!" समोरच्या पानपट्टीवाल्यानं विचारलं, काय कबूल केलं? ते सांगता सांगता तिथं पंचवीस माणसं गोळा झाली, आणि त्यातल्या निम्म्यांनी ती पेनल्टी स्वतः पाहिली होती.