‘मेंढरं’ या शब्दाबद्दल

नमस्कार.

नाईलवरच्या क्रूझबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, आभार. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचे मुद्दे असे: इजिप्तमधल्या एडफू गावचं देऊळ तीन हजार वर्षांपूर्वीचं, हे माझं विधान चूक आहे. एडफूला घोड्याच्या टांग्यात बसायला नको होतं, त्या घोड्यांचे हाल होतात. चार दिवसांत इतकी देवळं म्हणजे नुसती उरकाउरकी. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं देते: “टूरच्या झेंड्यामागे मेंढरांसारखं फिरणाऱ्यांनी इजिप्त पाहिलं असं म्हणू नये.”

चूक आधी मान्य करते. एडफूचं बांधकाम इसवी सनपूर्व 237 मध्ये सुरू झालं आणि इसवी सनपूर्व 57 मध्ये पूर्ण झालं. म्हणजे ते टॉलेमी या ग्रीक वंशाच्या राजांच्या काळातलं. आदल्या दिवशी लक्सरचं कार्नाक हे त्याहून बरंच जुनं देऊळ पाहिलं होतं, तिथला काळ माझ्या डोक्यात राहिला आणि तोच इथे लिहिला गेला. लेखात दुरुस्ती केली आहे. टांगा टूरमध्येच धरलेला होता, मी ठरवला नव्हता. तो विषय इथे वाढवत नाही.

आता मेंढरं.

आम्ही बावीस जण होतो. त्यात एक चौऱ्याहत्तर वर्षांचे निवृत्त पोस्टमास्तर होते, ते रोज रात्री डेकवर बसून दुसऱ्या दिवशीच्या देवळाबद्दल वाचायचे. सांगलीच्या एक बाई होत्या, ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढला होता. माझ्याबद्दल तुम्हाला जे म्हणायचंय ते म्हणा. या माणसांना न भेटता, न ओळखता तुम्ही मेंढरं म्हणालात. मुद्दा मांडायला हा शब्द लागतो का? तुम्ही एकटे तीन आठवडे लोकल गाड्यांनी फिरलात, त्याचं मला कौतुकच आहे. माझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, हे जाऊन सहा वर्षं झाली आणि मुलगी परदेशात असते. ग्रुप नसता तर मी इजिप्तला गेलेच नसते.

आणि झेंड्याचं म्हणाल तर फिलेच्या देवळातला प्रसंग सांगते. आस्वान धरणाच्या पाण्यात बुडत चाललेलं हे इसिस देवीचं देऊळ 1972 ते 1980 या काळात सुटं करून शेजारच्या उंच बेटावर पुन्हा उभं केलं, हे बहुतेकांना माहीत असतं. तिथे हेड्रियन या रोमन सम्राटाच्या नावाच्या दरवाजापाशी आमच्या गाइडने झेंडा खाली केला आणि आम्हाला थांबवलं. भिंतीवर मांडुलिस या देवाची आकृती आहे आणि तिच्याजवळ चित्रलिपीतला एक छोटा मजकूर. अक्षरं वेडीवाकडी, घाईत कोरल्यासारखी. तो मजकूर 24 ऑगस्ट 394 या दिवशीचा आहे. त्यानंतरचा, तारीख सांगता येईल असा चित्रलिपीतला लेख आजवर कुठेही सापडलेला नाही. तीन हजारांहून जास्त वर्षं चाललेली लिपी, आणि तिचा शेवटचा लेख त्या भिंतीवर माझ्यापासून हातभर अंतरावर होता. एकटी गेले असते तर त्या भिंतीपुढून मी सरळ पुढे गेले असते. तुम्ही तो पाहिलात का? हे खोचकपणे विचारत नाही, खरंच विचारते आहे.

थोडं पुढे, आतल्या भिंतींवर इसिसचा चेहरा छिन्नीने ठोकून काढलाय. सांगलीच्या बाई तिथे थबकल्या. दगडाला हात न लावता, त्या खरबरीत चेहऱ्यासमोर त्यांनी तळवा धरला आणि मला विचारलं, “कुणी केलं हो हे?” मग गाइडने एका दाराच्या कडेला कोरलेला क्रूस दाखवला. पुढे त्याच देवळात चर्च भरायचं. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. हे पाहणं नसेल तर पाहणं कशाला म्हणतात, ते मला समजावून सांगा.

माझे वडील सिन्नरला प्राथमिक शिक्षक होते. सुट्टीत आम्हा भावंडांना ते गोंदेश्वराला न्यायचे, एका खांबापुढे बसवायचे आणि म्हणायचे, यावर काय काय आहे ते सांगा, मगच घरी जाऊ. ऊन चढायचं, भूक लागायची, तरी सुटका नसायची. देऊळ कसं पाहायचं हे मी त्या खांबापुढे शिकले, साठीत आल्यावर कुणाच्या प्रतिक्रियेतून शिकायची मला गरज नाही. हे वाक्य कडक झालंय, माहीत आहे. पण मला तेच म्हणायचं आहे.

आणखी एक. नदीतून, घोळक्याने देवळाला जाणं ही टूर कंपन्यांनी काढलेली टूम नव्हे. दरवर्षी डेंडेराहून हाथोर देवी बोटीत बसून एडफूला तिथल्या देवाच्या, होरसच्या भेटीला यायची. बरोबर पुजारी असायचे आणि वाटेत काठावर लोक जमायचे. एडफूच्या गाभाऱ्यात देवाच्या बोटीची प्रतिकृती ठेवली आहे, ती पाहताना मला आपली पालखीच आठवली. आपल्याकडे दिंडी पताकेमागेच चालते. पताकेमागे चालणाऱ्याला विठोबा दिसत नाही, असं आपण म्हणतो का?

चार दिवस कमी आहेत, हे मीसुद्धा लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलं होतं. तुम्ही बहुधा तिथपर्यंत वाचलं नाहीत.

पुढचा भाग कोम ओंबोवर आहे. मगरीच्या रूपातला सोबेक आणि होरस या दोन देवांचं ते जोडदेऊळ, आवारात पुराची पातळी मोजायची खोल विहीर, शेजारी मगरींच्या ममी ठेवलेलं संग्रहालय. पोस्टमास्तरकाकांनी त्या विहिरीच्या कठड्याशी उभं राहून वहीत काढलेलं चित्र मला पाठवलंय, तेही त्यात देणार आहे. त्यातल्या चुका जरूर दाखवा. पण माझ्या सहप्रवाशांबद्दल असे शब्द पुन्हा आले तर मी ती प्रतिक्रिया छापणार नाही.